पदावरची बारीक ओळ

लहानपणी मला वाटायचं, 'चाल' म्हणजे पद म्हणताना नटानं रंगमंचावर कसं चालायचं ते. आमच्या माळ्यावर तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची, पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात नाटकांची पुस्तकं. जवळजवळ प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात छापलेलं असायचं, 'चाल', आणि पुढं कुठल्यातरी भलत्याच गाण्याचे दोन-तीन शब्द. शकुंतलेच्या पदावर एका लावणीचं नाव पाहिलं, तेव्हा शकुंतला लावणीच्या चालीनं कशी चालत असेल याची मी आरशासमोर तालीमच सुरू केली. आईनं ते पाहिलं आणि तात्यांना सांगितलं. तात्या पोट धरून हसले. मग मला पेटीजवळ बसवून त्यांनी आधी ती लावणी वाजवली आणि तिच्यावरच शकुंतलेचे शब्द म्हणून दाखवले. "घर तेच, बिऱ्हाडकरू नवा," म्हणाले.

तात्या एका लहानशा नाटक कंपनीत पेटीमास्तर होते. बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग, अधूनमधून मिरज-सांगली असा फिरता संसार. पायपेटीचा भाता रात्रभर हाणून सकाळी पाय सुजलेले असायचे. त्या काळी कंपनीत नटाला सगळं नाटक देत नसत. त्याच्या वाट्याची भाषणं आणि त्याआधी समोरचा जे शेवटचे शब्द बोलणार ते, एवढंच उतरवून हातात ठेवत. त्या कागदांना म्हणायचे नक्कल. 'नक्कल पाठ झाली का?' हा मालकाचा रोजचा प्रश्न. त्यामुळं आमच्या घरात नक्कल हा शब्द शिवी म्हणून कधी वापरला गेला नाही. कामाची सुरुवातच तिथून व्हायची.

पदावरची ती बारीक ओळ मला पुढं पुढं वाण्याच्या खातेवहीसारखी वाटायला लागली. कुणाकडून काय उसनं आणलं, त्याची उघड नोंद.

आम्ही सांगलीकर दर ५ नोव्हेंबरला कॉलर ताठ करून हिंडतो. १८४३ मध्ये त्या दिवशी विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. सांगताना १८४२ साल मात्र हळूच गाळतो. त्या वर्षी उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली होती. त्यांचे खेळ कानडी, यक्षगानाच्या वळणाचे. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी ते पाहिले आणि पदरी असलेल्या भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी आपल्या भाषेत करा, यापेक्षा नीटनेटकं करा. म्हणजे आमच्या रंगभूमीच्या पहिल्या पानावरही एक बारीक ओळ आहेच: चाल, कर्कीकर भागवत. त्याचं वाईट का वाटून घ्यायचं, ते मला कळलेलं नाही.

भाव्यांच्या खेळात पदं म्हणायचा सूत्रधार. मागं झांज-मृदंग, पुढं पात्रं वेळेला सुचेल ते बोलायची. ही तऱ्हा पुष्कळ वर्षं चालली आणि तिचा कंटाळाही आला असणार. मग अण्णासाहेब किर्लोस्कर. मूळ गाव गुर्लहोसूर, बेळगाव जिल्ह्यातलं. कानडी मुलखात वाढलेला हा मराठी माणूस सरकारी कचेरीत नोकरी करायचा आणि जीव नाटकात. बेळगावात १८६६ मध्येच त्यांनी एक नाटक मंडळी काढून पाहिली होती. फिरत्या मंडळ्यांना पदं रचून दिली होती. १८७३ मध्ये 'शांकरदिग्विजय' हे गद्य नाटक लिहिलं होतं. १८८० मध्ये पुण्यात त्यांनी एका पारशी मंडळीचा उर्दू संगीत खेळ पाहिला, आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात त्यांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक लागले. आता जे ते पात्र आपलं आपण गाऊ लागलं. सूत्रधाराच्या घशाला सुट्टी.

तात्यांना या गोष्टीत एकाच ठिकाणी रस होता. ते म्हणायचे, त्या रात्री पारशांच्या खेळाला शेकड्यांनी माणसं असतील की. त्यांनीही तेच पाहिलं. घरी जाऊन झोपली. अण्णासाहेबांनाच झोप का लागली नाही? तर ते चौदा वर्षं त्याच भिंतीला डोकं घासत होते. दार कुठं आहे ते त्यांना माहीत नव्हतं, भिंत मात्र इंच न् इंच ठाऊक होती.

आणि घेतलं काय, तेही पाहण्यासारखं आहे. पात्रानं स्वतः गावं, एवढी कल्पना पारशांकडची. चालींसाठी अण्णासाहेब मुख्यतः आपल्याच अंगणात फिरले. कीर्तनातली साकी आणि दिंडी, लावण्या, बायकांची गाणी, आणि लहानपणापासून कानात बसलेली कानडी पदं. साकी अठ्ठावीस मात्रांची, सोळा आणि बारा. दिंडी एकोणीस मात्रांची, नऊ आणि दहा. हे साचे प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेले होते, त्यामुळं पहिल्या ओळीलाच लोक मान डोलवायला लागत आणि कवीला नवं सांगायला मोकळीक मिळे. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. १८८५ मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, अण्णासाहेब गेले. जेमतेम पाच वर्षांचा खेळ, आणि त्यावर आम्ही सव्वाशे वर्षं जेवलो.

आता माझी फजिती सांगते. १९८६ ची गोष्ट. मी बँकेत नोकरीला होते, संध्याकाळी पेटी शिकवायचे. इथल्या एका हौशी मंडळानं राज्य स्पर्धेसाठी नवं संगीत नाटक घेतलं आणि चाली मला करायला सांगितल्या. अकरा पदं. पहिली चार आठवड्याभरात झाली, मी खूश. पाचवं पद विरहिणीचं. एक दिवस बसले, सुचेना. दुसऱ्या दिवशी बँकेतून आल्या आल्या, पेटीचं झाकणही न उघडता, मी सरळ ट्रंक उघडली आणि 'सौभद्र' काढलं. सुभद्रेचं एक पद वाजवलं. मग म्हटलं, याचा मुखडा नको, अंतऱ्याची फक्त उठावणी घेऊ. राग बदलू. ताल बदलू. तासाभरात चाल तयार. मला वाटलं, आता ही कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही.

तालमीला मंडळाचे एक म्हातारे पडदेवाले बसलेले असायचे. माझं पद सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीला त्यांनी डोळे मिटून 'सौभद्रा'तले शब्द गुणगुणायला सुरुवात केली. टोमणा म्हणून नव्हे, मनापासून, रंगात येऊन. मी वाजवायची थांबले तरी ते थांबेनात.

घरी येऊन मी तपासलं. राग खरंच वेगळा होता, तालही. पण श्वास घ्यायच्या जागा त्याच होत्या. गाणारी जिथं थांबते, जिथून उसळते, जिथं शेवटी ओढ घेते, त्या सगळ्या जागा सुभद्रेच्या. मी वरवरचे कपडे तेवढे बदलले होते, चालणं तिचंच राहिलं होतं. आरशासमोरची ती जुनी तालीम तेव्हा आठवली. 'चाल' या शब्दाचा मी लावलेला अर्थ अगदीच चुकला नव्हता म्हणायचा.

त्यानंतर मी ट्रंकेतली पुस्तकं निराळ्या नजरेनं वाचायला लागले. उसनं सगळ्यांनीच घेतलं होतं. मग कुणाला ते पचलं, कुणाला बाधलं?

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ मध्ये 'वीरतनय' आणलं तेव्हा त्यांना साकी-दिंडीचा वीट आलेला होता. त्यांच्या कानावर पारशी, गुजराती रंगभूमीच्या चाली पडलेल्या. त्यांनी त्या आणल्या. नवलाई होती, थाट होता. पण चाल परक्या भाषेच्या वळणाची आणि तिच्या प्रत्येक खाचेत मराठी शब्द ठासून बसवायचा. त्यामुळं पदं इतकी अवघड झाली की टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. मला कोल्हटकर माणूस म्हणून फार आवडतात. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारा हा माणूस पदं लिहायला बसला की त्याचा विनोद कुठं जात असे कोण जाणे. पण नवं दार त्यांनी उघडलं, हे नाकारता येत नाही. आत शिरताना त्यांच्या पदांचं डोकं चौकटीला आपटलं, एवढंच.

'मानापमाना'च्या वेळी, १९११ मध्ये, खाडिलकरांनी चालींचं काम गोविंदराव टेंब्यांवर सोपवलं. टेंबे तिशीतले, कोल्हापूरचे, हार्मोनियमवाले. भास्करबुवा बखल्यांच्या मागं पेटीवर बसून आणि बैठकी ऐकून शिकलेले. पूरबकडच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या त्यांनी भरपूर ऐकल्या होत्या. तोवरच्या नाट्यपदाला त्या अंगाचा फारसा वासही नव्हता. बनारस-लखनौकडच्या बैठकीतला तो लाडिकपणा त्यांनी उचलला आणि नाकावर माशी न बसू देणाऱ्या भामिनीच्या तोंडी घातला. आधी चाल, मग तिच्यावर खाडिलकरांचे शब्द. वस्तू दुरून आलेली असल्यामुळं ती जशीच्या तशी ठेवणं शक्यच नव्हतं. ठुमरीत एका ओळीवर अर्धा तास रेंगाळता येतं. नाटकात समोरचा नट उभा असतो. कापावं लागलं, घट्ट करावं लागलं, आणि त्या कापाकापीत टेंब्यांचं स्वतःचं काहीतरी तयार झालं. मला जे 'सौभद्रा'तून मिळालं ते हाताशी होतं, म्हणून त्यात काही करावंच लागलं नाही. तिथंच मी फसले.

भास्करबुवांची गोष्ट याहून वेगळी. पोरवयात ते किर्लोस्कर मंडळीतच गाणारे नट होते. आवाज फुटला आणि नाटकातलं काम संपलं. मग बडोद्याला फैज महंमद खाँ, पुढं नत्थन खाँ, शेवटी अल्लादिया खाँ, अशा तीन वाटा त्यांनी तुडवल्या. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला चाली द्यायला ते बसले तेव्हा समोर पुस्तक उघडायची गरज नव्हती. बंदिशी पोटात होत्या, आणि त्याही एका घराण्याच्या नव्हेत. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर एकमेकांत मिसळून गेलेली. एकच नमुना पाहिला की माणूस त्याच्याकडे पाहत राहतो. शेकडो मुरले की कुठला कुठून आला ते त्याचं त्यालाही सांगता येत नसावं. 'स्वयंवरा'त रुक्मिणी यमनमध्ये गाते तेव्हा ऐकणाऱ्याला खाँसाहेबांची आठवण येत नाही, रुक्मिणीच दिसते. (माझ्या पिढीनं बालगंधर्व तबकडीवरच ऐकले. तात्यांनी समोर बसून ऐकले होते आणि त्याबद्दल ते आम्हाला जन्मभर छळत राहिले.)

'एकच प्याला'चं तर सगळंच निराळं. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले आणि फेब्रुवारीत नाटक बडोद्याला लागलं. नाटक गडकऱ्यांचं, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, आणि बऱ्याच चाली पुण्याच्या सुंदराबाईंकडून आलेल्या. तीन माणसांचा ऐवज एकट्या सिंधूच्या गळ्यात, आणि त्याची शिवण कुठं दिसत नाही.

माझी भाची मानसशास्त्र शिकवते. हे सगळं मी तिला एकदा सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "मावशी, यावर प्रयोग झालेत." अमेरिकेत टेक्सासमध्ये काही मुलांना परग्रहावरचे प्राणी कल्पनेनं काढायला सांगितले. काहींना आधी तीन नमुने दाखवले. तिन्ही प्राण्यांना चार पाय, डोक्यावर मिशा आणि शेपूट. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या चित्रांत चार पाय, मिशा आणि शेपट्या जास्त आल्या. नमुन्यापेक्षा वेगळं काढा असं बजावून सांगितलं, तरी फरक पडला नाही. १९९३ मध्ये हे छापून आलंय म्हणे.

मी म्हटलं, आमच्या पडदेवाल्यांना ते १९८६ मध्येच कळलं होतं. पण एक विचार, त्या मुलांना नमुने कधी दाखवले? कागदावर रेघ ओढायच्या आधी ना? तिथंच घोळ आहे. आधी त्यांना आपले आपण दहा-वीस प्राणी काढू द्यायचे. पेन्सिल चावत बसू द्यायचं. आणि मग एक नमुना दाखवायचा, तोही प्राण्याचा नको. किटली दाखवा, छत्री दाखवा. भाची हसली. "मावशी, वेळ कुठली साधायची यावरही लोक काम करतायत," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

मी हे नुसत्या वादासाठी बोलत नव्हते. त्या पाचव्या पदाचं पुढं असं झालं. सुभद्रेची चाल टाकून दिली. ट्रंकेला कुलूप लावून किल्ली आईकडे दिली. नऊ दिवस रोज दोन तास बसले. वाईट वाईट चाली केल्या, चौदा-पंधरा तरी असतील. शेवटी शेवटी बोटं आपोआप त्याच त्या सुरांवर पडायला लागली, जशी गुरं संध्याकाळी न हाकता गोठ्यात येतात. दहाव्या दिवशी बँकेच्या कामानं मार्केट यार्डात गेले होते. हळदीचे दिवस. एका वखारीच्या पडवीत सात-आठ बायका हळद निवडत बसलेल्या, अंगावर, पदरावर, पापण्यांवर पिवळी धूळ. त्या कानडी गाणं म्हणत होत्या. शब्द मला अर्धेच कळले. पण एक गोष्ट कानात घुसली. त्यांची ओळ समेवर येऊन टेकतच नव्हती. सम यायच्या दोन मात्रा अलीकडेच खाली बसायची, आणि खुद्द समेला कुणीच नसायचं. फक्त सुपाचा आवाज.

मी तिथंच उभी राहिले. माझी विरहिणी मी पंधरा वेळा समेवर आणून बसवली होती. जिचा माणूस आलेलाच नाही, ती वेळेवर कशाला पोचेल?

मी त्या बायकांचा सूर घेतला नाही. लयही घेतली नाही, ती त्यांच्या सुपाची होती. सम रिकामी सोडायची, एवढंच घेतलं. घरी येऊन मिश्र पिलूत चाल बांधली, वीस मिनिटांत. तालमीत तबलजी भांडला, म्हणाला बाई तुमचं चुकतंय. पडदेवाले म्हातारे डोळे मिटून ऐकत राहिले आणि या खेपेला काहीच गुणगुणले नाहीत. स्पर्धेत नाटक पडलं, ते वेगळं. तिसऱ्या अंकात सरबताचा पेला नायकाच्या हातून सुटला आणि पुढं सगळं घसरतच गेलं.

हळदीच्या पडवीत मी पहिल्याच दिवशी गेले असते तर? चांगलं आहे हो गाणं, म्हणून पुढं निघून गेले असते. नऊ दिवस अडून बसल्यामुळं माझ्या चालीत नेमकं भोक कुठं आहे ते मला माहीत होतं, म्हणून त्या मापाची वस्तू दिसताक्षणी कळली. तात्यांची भिंत, आणखी काय.

पुढं ती बारीक ओळच गेली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरनं 'आंधळ्यांची शाळा' केलं. पदं मोजकी, आणि त्यांना केशवराव भोळ्यांनी स्वतंत्र चाली दिल्या, भावगीताच्या अंगानं. बोलपट आले, कंपन्या मोडल्या, तात्या घरी येऊन मुलांना सारेगम शिकवायला लागले. साठच्या दशकात अभिषेकीबुवांनी 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार काळजात घुसली' केली तेव्हा नाट्यपदानं पुन्हा कात टाकली. बुवा गोव्यातल्या मंगेशीचे, कीर्तनाच्या घरातले, आणि एकाहून अधिक गुरूंकडे शिकलेले. साठा तसाच, भास्करबुवांसारखा मुरलेला. माझ्याकडच्या नव्या पुस्तकांत पदावर रागाचं नाव असतं, मुखपृष्ठाच्या आत संगीत दिग्दर्शकाचं असतं. कुणाचं काय घेतलं, त्याची नोंद कुठं नाही. घेणं थांबलं असेल असं मला वाटत नाही. खातेवही तेवढी बंद झाली.

तात्यांच्या ट्रंकेत छापील पुस्तकांच्या खाली त्यांच्या कंपनीच्या नाटकांच्या हस्तलिखित वह्या होत्या. ती नाटकं कधी छापली गेली नाहीत. पदं मालकांनी रचलेली, टाकानं आणि निळ्या शाईनं उतरवलेली. चालींच्या खुणा तात्यांच्या, पेन्सिलीनं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा ट्रंक खालच्या खोलीत होती. आम्ही चार दिवस गच्चीवर होतो. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली. छापील पुस्तकांचा लगदा झालेला. वह्या जाड कागदाच्या, म्हणून त्या तेवढ्या वाळवता आल्या. पानं एकेक सोडवून मी दोरीवर घातली, कपड्यांसारखी.

शाई धुऊन गेली होती. पानभर फिकट निळे ढग, एक अक्षर लागत नव्हतं. पेन्सिल मात्र जशीच्या तशी होती. एका पानावर डोक्याशी तात्यांच्या अक्षरात 'चाल' असं लिहिलेलं, पुढं एका लावणीचं नाव, ते खोडलेलं. त्याखाली एका अभंगाचं, तेही खोडलेलं. त्याखाली 'सुचेना', तीन वेळा, तीन निरनिराळ्या दिवशी लिहिल्यासारखं. आणि सगळ्यांत खाली, जोर देऊन: 'हुबळी, स्टेशनावरचा आंधळा, सकाळची गाडी.'

ते पान मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे.